विहिरीतल्या माशांना कुठे होता इन्व्हर्टर

हे वाक्य माझ्या आईचं. इन्व्हर्टर बसवायला माणूस आलेला, भिंतीत ड्रिल चालू, हॉलभर पांढरी धूळ, आणि आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली. तिने मला नाही, त्या माणसालाच विचारलं, अरे बाळा, आमच्या गावच्या विहिरीत एवढे मासे होते, त्यांना कुठे होता रे इन्व्हर्टर? तो बिचारा हसला. मी नाही हसलो. मला राग आला होता, कारण दिवाळीचा सगळा बोनस त्या डब्यात घातला होता आणि घरात सांगितलं होतं की पंख्यासाठी घेतोय, आईला उकडतं म्हणून घेतोय. खरं कारण हॉलच्या कोपऱ्यात अडीच फुटी काचेत पोहत होतं आणि आईला ते बरोब्बर कळलं होतं.

आम्ही ऐरोलीत राहतो. ठाण्याहून ट्रान्सहार्बरची लोकल पकडली की पूर्वी पहिलं स्टेशन ऐरोली यायचं, २०२४ पासून मध्ये दिघा गाव झालंय. इथे ठाणे-बेलापूर रोडवर राज्याचं लोड डिस्पॅच सेंटर आहे, नावात कळवा पण पत्ता ऐरोलीचा, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राची वीज कुठून कुठे जाणार याचा हिशोब जिथे चालतो ते ठिकाण आमच्याच गावात. मोठमोठे टॉवर, तारांची जाळी, पावसात त्याखालून गेलं की वर चर्र चर्र आवाज. आणि तरी लाईट आमचीपण जाते. दिव्याखाली अंधार ही म्हण ऐरोलीत बसूनच कुणाला तरी सुचली असणार.

टाकी आणली तीच मुळी लॉकडाऊन उठत असताना. दुकानं उघडल्यावर लोकांनी आधी केस कापून घेतले, मी मासे आणले. अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच, काठोकाठ भरली तर ११० लिटर, पण खाली रेती दगड आणि वर चार बोटं मोकळी धरली तर ९० च्या आसपास. दुकानदाराने साईझ ऐकली आणि म्हणाला टेन्शन नाही, भरपूर बसतील. बसतील हा शब्द लक्षात ठेवा. लोकलमध्ये चौथ्या सीटवरपण माणूस बसतोच. तर बसवले, दोन गोल्डफिश, चार एंजल, सहा टायगर बार्ब, दहा नियॉन टेट्रा, दोन मॉली (ज्यांच्या दोन महिन्यांत चौदा झाल्या) आणि काच साफ करायला म्हणून एक सकर, जो आणला तेव्हा बोटाएवढा होता आणि मोठा होऊन फुटाच्या वर जातो हे मला दुकानात कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग आला १२ ऑक्टोबर २०२०. सोमवार, सकाळचे दहा. मी ऑफिसच्या कॉलवर, समोरचे आठ चौकोन एकदम गोठले, मला वाटलं माझं वायफाय गेलं, नंतर कळलं की अख्ख्या मुंबई-ठाण्याची वीज गेलीये, लोकल जागच्या जागी उभ्या आहेत. कारण म्हणून जे जाहीर झालं ते असं की कळवा-पडघा या ४०० केव्हीच्या लाईनच्या एका सर्किटचं मेंटेनन्स चालू होतं, सगळा भार दुसऱ्यावर होता आणि त्या दुसऱ्यातच बिघाड झाला. म्हणजे बॅकअप होता, पण बॅकअपवर चालत असतानाच बॅकअप गेला. हे वाक्य मी तेव्हा पेपरात वाचून सोडून दिलं, पुढे ते माझ्याच घरात मला तीन-चार वेळा भेटलं.

त्या दिवशी आधी सगळे खूशच होते. ऑक्टोबर हीट असली तरी कॉल नाही, मेल नाही, बायकोने पत्त्यांचा कॅट काढला. बाराच्या सुमारास बघतो तर सगळे मासे वर. पाण्याच्या कडेला तोंडं लावून उघडझाप चाललेली, आणि मी काय केलं तर, ह्यांना भूक लागली वाटतं, म्हणून चिमूटभर खायला टाकलं. आजही आठवलं की कसंतरी होतं. ती भूक नव्हती, ती धाप होती. आणि खाल्लेलं पचवायला माशाला आणखी ऑक्सिजन लागतो, उरलेलं खाली पडून कुजतं तेपण ऑक्सिजनच खातं, म्हणजे गुदमरणाऱ्याला मी वडापाव दिला. लाईट दुपार उलटल्यावर आली. तोवर एक गोल्डफिश आडवा झालेला, दुसरा रात्री गेला. मोठं शरीर, मोठी भूक, आणि मुळात थंड पाण्यातला मासा, पहिला नंबर त्यांचाच लागणार होता. मुलगी तेव्हा सहा वर्षांची, तिने विचारलं पाण्यात बुडून मेला का गं आजी? आईने हो म्हणून टाकलं, आणि एका अर्थी ते खोटंही नव्हतं.

मग मी वाचायला बसलो, जसं सगळेजण नुकसान झाल्यावर बसतात. पहिला धक्का हा की टाकीतल्या एअर पंपाचे ते बुडबुडे पाण्यात हवा भरतात असं मी समजत होतो तसं फारसं नसतं. बुडबुडा वर जाऊन फुटतो, पाण्याला वर ढकलतो, पृष्ठभाग हलता ठेवतो, आणि खरी देवाणघेवाण तिथे वर होते, हवेतून ऑक्सिजन आत, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर. पाणी स्थिर झालं की वरचा पातळ थर तेवढा भरलेला आणि खाली दुष्काळ, म्हणून मासे वर येऊन त्या थराला तोंड लावतात. दुसरा धक्का गरमीचा. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशाला तो साडेसातवर येतो, म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मे-ऑक्टोबरला टाकी मुळातच कमी शिलकीवर चाललेली असते आणि नेमकं त्याच दिवसांत माशांना जास्त लागतो. आपल्या पगारासारखंच, महागाई वाढली की खर्चही वाढतो. आणि टाकीत झाडं लावलीत म्हणून खूश होऊ नका, दिवसा ती ऑक्सिजन देतात, रात्री अंधारात स्वतःच घेतात. म्हणून दुपारी लाईट गेली तर एक वेळ निभावतं, रात्री दोनला गेली तर खरी पंचाईत.

आणि रात्रीच जाते.

पहिला बॅकअप म्हणून माळ्यावरचा कॉम्प्युटरचा जुना यूपीएस काढला. त्यात १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, गुणाकार केला की ८४ वॉट-अवर, माझा एअर पंप ५ वॉटचा, भागाकार केला तर सोळा तास! मी बायकोला हा हिशोब वहीवर करून दाखवला होता. प्रत्यक्षात यूपीएस स्वतःच पंपापेक्षा जास्त खातो, बॅटरी जुनी, ती पूर्ण पिळता येत नाही, सोळाचे तीन होतील असं धरलं. पण तीन तास काय कमी आहेत? अडचण वेगळीच निघाली. लाईट गेली की तो दर काही सेकंदांनी बीप करायचा. रात्री दीड वाजता, सगळं शांत, पंखे बंद, खिडक्या उघड्या आणि आमच्या हॉलमधून बीप, बीप, बीप. समोरच्या काकांनी सकाळी लिफ्टमध्ये विचारलं, घरात कोणी सिरीयस आहे का हो? इलेक्ट्रिशियनला बोलावून त्याचा बझर काढून टाकला, पन्नास रुपये आणि एक चहा. मग महिन्याभराने कळलं की शांत झालेला यूपीएस दहा-पंधरा मिनिटांत गुपचूप बंद होतो, कारण ५ वॉट म्हणजे त्याच्या लेखी काही लावलेलंच नाही, उगाच बॅटरी कशाला जाळा. आधी बीप थांबली की कळायचं तरी, आता बझर मीच काढलेला. यावर उपाय म्हणून त्याला एक १५ वॉटचा पिवळा बल्ब लावून ठेवला, म्हणजे पंपाला जागं ठेवायला बल्ब जाळायचा. इंजिनिअरिंग झालंय माझं, हे मी कुणाला सांगत नाही.

पॉवर बँकेचंही तेच. यूएसबीवर चालणारा छोटा पंप मिळतो, एक वॉटभर खातो, दहा हजार एमएएचची पॉवर बँक त्याला रात्रभर आरामात पुरावी. पण माझी पहिली पॉवर बँक एवढा कमी करंट बघून समजायची की मोबाईल चार्ज झाला आणि बंद व्हायची. दुसरी आणली, ती चालली. नवीन घेणार असाल तर घरी आणून पंप लावून घड्याळ बघत तासभर बसा, बॉक्सवर काय लिहिलंय ते सोडा.

मधल्या काळात एक पाण्याची करामत झाली. एअर पंप टाकीच्या खालच्या कपाटात ठेवलेला, दिसायला नको म्हणून. लाईट गेली, हवा थांबली, टाकीतलं पाणी त्याच बारीक नळीतून उलटं खाली यायला लागलं, आणि गाडीतून पेट्रोल काढतात तसं ते आपोआप येतच राहतं, नळीचं टोक पाण्याबाहेर येईपर्यंत. पहाटे मी अंधारात पाणी प्यायला उठलो तर पाय चपचप. खाली पंप, शेजारी एक्स्टेंशन बोर्ड. लाईट नव्हती हे नशीबच, येऊन जाऊन दोन मिनिटं जरी आली असती तर हा लेख दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता. त्या नळीत घालायचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह मिळतो, बोटाच्या पेराएवढा, वडापावच्या किमतीत. हवा एका बाजूने जाते, पाणी उलटं येत नाही. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवला तर तोही लागत नाही, पण मग दिसतो ना, शो जातो.

इन्व्हर्टर घेतला तो या सगळ्यानंतर. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी, म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर. दुकानात दोन प्रकार सांगितले, स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह आणि महागातला साईन वेव्ह. पंख्याला स्क्वेअरपण चालतो, फक्त घूं घूं करतो. माशांच्या मोटरला मात्र तो सोसत नाही, आत लोहचुंबक हालवणारं कॉइल असतं, ते गरम होतं, थरथरतं, एअर पंप तर भुंग्यासारखा ओरडतो. मी साईन वेव्ह घेतला, आईसाठी. आणि मग घरात युद्ध झालं की इन्व्हर्टरवर कुठले पॉईंट घ्यायचे. दोन पंखे, तीन ट्यूब, वायफाय यावर एकमत. बायकोला मिक्सर हवा होता, इलेक्ट्रिशियनने हात जोडले. आईला देवघरातला छोटा दिवा हवा होता, तो दिला. मी म्हटलं हॉलमधला तो कोपऱ्यातला पॉईंटपण घ्या. कोणता? तो, खालचा. टाकीचा का? हो, तो. तेव्हा आई ते विहिरीचं बोलली.

तिचं माहेर संगमेश्वराकडे. विहीर मी पाहिलीये लहानपणी, चिऱ्याची, चौकोनी, आत उतरायला पायऱ्या, वरून वाकून बघितलं की पाण्याच्या हिरव्या अंधारात चांदीसारखं काहीतरी वळायचं. रहाट बंद झाला तरी ते वळायचंच. मी तेव्हा आईला उत्तर दिलं की अगं ती विहीर, हे काचेचं भांडं, काय तुलना करतेस. बरोबरच होतं उत्तर. फक्त मी ते पुढे नेलं नाही.

दोन वर्षं बरी गेली. म्हणजे शुक्रवारी मेंटेनन्सची लाईट जायची, ट्रान्सफॉर्मर उडायचा, एक फेज जायचा, ग्रुपवर 'ए विंगला आहे बी विंगला नाही' हे चालू व्हायचं, आणि आमचा कोपरा बुडबुड करत असायचा. मला माज आला. मी एअर पंपाच्या जोडीला कॅनिस्टर फिल्टर घेतला, खाली कपाटात ठेवायचा बंद डबा, पाणी दिसतं काचेसारखं. मासे वाढवले. लाल चेरी कोळंब्या आणल्या, नखाएवढ्या, वीस.

कॅनिस्टरने धडा दिला तो लाईट गेल्यावर नाही, आल्यावर. झालं असं की कुणीतरी टाकीचा प्लग इन्व्हर्टरच्या पॉईंटवरून काढून तिथे व्हॅक्युम क्लीनर लावला (मीच) आणि प्लग परत लावताना शेजारच्या साध्या पॉईंटला लावला. शुक्रवार, सकाळी नऊ ते दुपारी साडेतीन लाईट नाही, घरात कोणी नाही. साडेतीनला लाईट आली, कॅनिस्टर आपोआप चालू झाला. संध्याकाळी दार उघडलं तर घरात नासक्या अंड्याचा वास. फिल्टरच्या स्पंजात जे बॅक्टेरिया राहतात ते माशांच्या घाणीतला अमोनिया आधी नायट्राईट आणि मग नायट्रेट करतात, टाकी त्यांच्याच जिवावर चालते, आणि त्यांनाही श्वास लागतो. बंद डब्यात पाणी थांबलं की काही तासांत तिथला ऑक्सिजन ते स्वतःच संपवतात, मग मरायला लागतात, सडतात, आणि लाईट आली की तो सगळा सडका काढा पंप इमानदारीने टाकीत ओततो. चार टेट्रा गेले त्यात. म्हणजे लाईट जाण्याने जेवढं होत नाही तेवढं कधीकधी येण्याने होतं. तेव्हापासून दोन-तीन तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर प्लग काढून ठेवायचा, लाईट आल्यावर डबा मोरीत उपडा करायचा, स्पंज टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत खळबळवायचा, नळाखाली नाही, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, उरलेसुरले बॅक्टेरियापण जातील. आणि मग चालू करायचा.

आता ती रात्र. जुलै महिना, चार दिवस धो धो पाऊस. आमच्याकडे केबल जमिनीखालून आहेत, त्यामुळे झाड पडून तार तुटली असं कमी होतं, पण कुठेतरी रस्ता खणलेला असतो, केबलला कुणाचा तरी फावडा लागलेला असतो, त्यात पाणी शिरतं आणि मग फॉल्ट नेमका कुठे आहे हे वरून दिसत नाही. मशीनची गाडी येते, कानाला हेडफोन लावून माणसं फुटपाथवर फिरतात. रात्री अकराला लाईट गेली. मी निवांत. इन्व्हर्टर आहे.

इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी दर दोन-तीन महिन्यांनी बघावं लागतं, कमी असलं तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं, वर लाल-हिरवे फ्लोट असतात ते बघायचे. मी टाकीतलं पाणी दर रविवारी न चुकता बदलत होतो, आणि ज्या बॅटरीवर ती टाकी उभी होती तिच्यातलं पाणी बघितलं नव्हतं सात महिने.

साडेबारालाच इन्व्हर्टरवरची बॅटरीची एक लाईन कमी झालेली दिसली. मी हळूच उठून बेडरूमचा पंखा बंद केला, तेवढे सत्तर-पंचाहत्तर वॉट पंपाला मिळतील म्हणून. पाच मिनिटांत बायको उठून बसली. पंखा तू बंद केलास? मी म्हटलं बॅटरी कमी आहे. मग आईचा बंद कर ना. मी गप्प. माशांसाठी मला घामाघूम केलंस असं ती म्हणाली नाही, पण पंखा परत चालू करून तोंड भिंतीकडे केलं. दोनला इन्व्हर्टरने मान टाकली. आणि पॉवर बँक? ती मुलीच्या टॅबला लावलेली, आठ टक्के. यूपीएसची बॅटरी केव्हाच फुगून भंगारात गेली होती. बॅकअपचे तीन थर, एकाखाली एक, आणि तिन्ही एकाच रात्री गेले. कळवा-पडघा आठवलं.

मोबाईलच्या उजेडात बघितलं तर एंजल वर यायला लागलेले. अशा वेळी करायचं काय हे मला पाठ होतं, खायला द्यायचं नाही, झाकण काढायचं, आणि पाणी हलवायचं. हाताने. मगाने टाकीतलंच पाणी घेऊन वरून ओतायचं, फूटभर उंचीवरून, दर काही मिनिटांनी. मी स्वयंपाकघरात भांडं शोधतोय तर मागून आई. ती अंधारातच देवघराकडून तांब्या घेऊन आलेली, घे. मी हातात घेतला आणि ओरडलोच, अगं तांब्याचा नको! ती म्हणाली तांब्याच आहे. अगं तांब्याच आहे पण तांब्याचा नको, स्टीलचा दे! दोन मिनिटं आम्ही रात्री सव्वादोनला व्याकरणात अडकलो. मग समजावलं की तांबं पाण्यात उतरलं तर कोळंब्यांना विष आहे, अगदी थोडंसुद्धा. ती म्हणाली, कोळंबी? ती आपण खातो ना? ही नाही खात. मग ठेवलीयेस कशाला?

खरं सांगायचं तर चार वेळा ओतल्याने तांब्यातून काही फार तांबं उतरत नाही, नुसतं भांडं लागलं म्हणून कोळंबी मरत नाही, पण रात्री सव्वादोनला माझ्या अंगात तेवढा समतोल नव्हता.

स्टीलचा तांब्या मिळाला. तीनपर्यंत मी ओतलं, पाठ धरली. मग आई म्हणाली अभिषेकपात्र लावूया का. श्रावण तोंडावर आलेला, तिने ते घासून ठेवलेलंच होतं, पिंडीवर धार धरायचं, खाली बारीक भोक. तेही तांब्याचं! पण कल्पना सोन्यासारखी होती. सॉफ्ट ड्रिंकची दोन लिटरची बाटली घेतली, बुडाला दाभणाने पाच-सहा भोकं पाडली, पडद्याच्या रॉडला सुतळीने बांधली, टाकीतलंच पाणी भरलं. टप टप टप टप, पाण्यावर गोल गोल वर्तुळं. दर सात-आठ मिनिटांनी भरायची, म्हणजे मध्ये बसता येत होतं. आई आणि मी खुर्च्या टाकून बसलो. बाहेर पाऊस पडतच होता आणि आत आम्ही नव्वद लिटरवर वेगळा पाडत होतो. चारच्या सुमाराला ती विहिरीचं बोलायला लागली. विहिरीला किती मासे होते गं, मी विचारलं. ती म्हणाली, असतील वीस-पंचवीस, कोण मोजतंय. आणि पाणी? पावसाळ्यात कठड्यापर्यंत. मी मनातल्या मनात गुणाकार केला. दहा फूट बाय दहा फूट बाय वीस फूट धरलं तरी ५५ हजार लिटरच्या वर, म्हणजे एका माशाला दोन हजार लिटर आणि वर शंभर चौरस फूट उघडं आभाळ. माझ्याकडे एका माशाला दोन लिटर आले असते, आणि वर झाकण.

माशांनी इन्व्हर्टर मागितलाच नव्हता, तो मी भरलेल्या गर्दीला लागत होता.

लाईट दुसऱ्या दिवशी दुपारी एकला आली. साडेसहाला बायकोने तांब्याची पाळी घेतली, काही न बोलता. सोसायटीचा पाण्याचा पंपही बंद, नळाला पाणी नाही, त्यामुळे पाणी बदलण्याचा प्रश्नच नव्हता. दोन बार्ब आणि एक एंजल गेला. कोळंब्या वीसच्या वीस जिवंत, आईने दोनदा विचारलं.

पुढच्या महिन्यात मी मासे कमी केले. हे लिहायला एक ओळ, करायला जड गेलं. सकर तोवर वीतभराच्या पुढे गेलेला, त्याला एका मोठी टाकी असलेल्या ओळखीच्यांकडे दिला. एकाने सुचवलं होतं की खाडीत नाहीतर तलावात सोड, पुण्य लागेल. कृपया असलं पुण्य कमवू नका, हा दक्षिण अमेरिकेतला मासा आपल्याकडच्या तळ्यांत-नद्यांत सुटून नको तेवढा पसरलाय आणि जाळ्यात देशी माशांच्या जागी येतोय. मॉली आणि बार्ब दुकानात परत. एंजल एका चार फुटी टाकीत गेले. आता आमच्याकडे आहेत दोन पर्ल गौरामी, सात टेट्रा आणि कोळंब्या. गौरामीच्या डोक्यात एक वेगळा अवयव असतो, तो वर येऊन सरळ हवेतला श्वास घेतो, पाण्यात कमी पडलं तरी त्याचं अडत नाही. आपल्या खाडीतली निवटी ही मासळी तर त्याच्यापुढे, ओहोटीला चिखलावर चालत फिरते, ऐरोलीच्या फ्लेमिंगो बोटीत बसलात तर पक्ष्यांना सोडून खाली चिखलाकडेपण बघा. कॅनिस्टर विकला, दोन स्पंज फिल्टर घातले, यात पाणी थांबलं तरी डबा बंद नसल्याने सडत नाही आणि हवा आली की पुन्हा चालू. झाकणाची काच अर्धी केली. यूएसबी पंपाची पॉवर बँक टाकीला सेलोटेपने चिकटवलीये आणि त्यावर मुलीने लिहिलंय, 'माशांची. हात लावायचा नाही.' तिलाच वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात. मोबाईलमध्ये दर महिन्याच्या एक तारखेला रिमाईंडर आहे, बॅटरी फ्लोट.

गेल्या महिन्यात ती बॅटरी अखेर गेलीच, नवीन यायला चार दिवस होते. पूर्वी असे चार दिवस मी हॉलमध्ये गादी टाकून काढले असते. यावेळी बेडरूममध्ये झोपलो. सकाळी उठलो तर मायक्रोवेव्हचं घड्याळ १२:०० वर लुकलुकत होतं, म्हणजे रात्री कधीतरी लाईट जाऊन आली होती. टाकी नेहमीसारखी बुडबुडत होती, दोन्ही गौरामी झाडाखाली, टेट्रा घोळक्याने. फक्त अर्ध्या काचेवर स्टीलचा तांब्या उपडा ठेवलेला आणि खाली लाकडावर पाण्याचे थेंब.

आई मेथी निवडत बसलेली. मी म्हटलं, रात्री तू उठलीस? ती म्हणाली, आवाज बंद झाला ना, जाग आली. म्हटलं ओतावं थोडं. मी म्हटलं अगं आता नाही लागत, आता कमी आहेत, सात-आठ तास आरामात राहतात, तूच तर म्हणायचीस विहिरीतल्या माशांना...

माहितीये मला, ती म्हणाली. स्टीलचाच घेतला होता.